मनावर घाव झालेला माणूस हिंसक होतो काय?



७ ऑक्टोबर २०२३ नंतर आपल्या घराघरांतून एक शब्द वारंवार कानी पडू लागला आहे : पोस्ट-त्राउमा. पूर्वी याच दुखण्याला लोक 'हेलेम क्राव', म्हणजे लढाईचा धक्का, असे म्हणत आणि तेही हळू आवाजात. हल्ली शब्द मोठ्याने बोलला जातो, पण त्यामागची भीती अजून हळू आवाजातच बोलली जाते. ज्येष्ठांच्या मंडळात, सिनेगॉगबाहेर, शब्बाथच्या जेवणानंतर भांडी आवरताना, असे कोठेही ती बाहेर पडते. आमच्या कानी आलेले प्रश्न तीन प्रकारचे आहेत.

पहिला प्रश्न आजीचा. "नातू मिलुइमवरून परत आल्यापासून एवढ्यातेवढ्यावर भडकतो. दार आपटतो. तो कोणावर हात तर टाकणार नाही ना?"

दुसरा मुलीच्या घरच्यांचा. "स्थळ चांगले आहे, मुलगा आपल्यातलाच आहे, पण त्याला पोस्ट-त्राउमा आहे म्हणतात. मुलगी द्यावी काय?"

तिसरा प्रश्न विचारला जात नाही, तो सांगितला जातो, आणि तो सुनेला सांगितला जातो. "तो आजारी आहे, लढाईवरून आला आहे. मारले तर मारले. सहन कर."

या तिन्ही ठिकाणी मूळ गोष्ट एकच आहे. मनावर घाव झालेला माणूस हिंसक होतो काय? याचे उत्तर 'हो' किंवा 'नाही' अशा एका शब्दात देणारा माणूस फसवतो आहे असे समजावे. उत्तर थोडे लांब आहे, परंतु समजण्यास कठीण नाही. ते आम्ही क्रमाने मांडतो.

हे दुखणे म्हणजे काय

युद्ध, अपघात, बलात्कार, भूकंप, अतिरेकी हल्ला अशा मरणाच्या दारातून माणूस परत आला म्हणजे काही दिवस त्याला झोप न येणे, अंगाला कापरे भरणे, तेच तेच डोळ्यांपुढे दिसणे हे साहजिक आहे. त्याला आजार म्हणत नाहीत. जखम झाली की सूज येते, तसेच हे. बहुतेकांची सूज हळूहळू उतरते. परंतु महिन्याहून अधिक काळ हे तसेच राहिले आणि माणसाचे काम, घर, नाती बिघडू लागली, म्हणजे डॉक्टर त्यास पोस्ट-त्राउमा म्हणतात.

त्याची चार अंगे आहेत. पहिले, घडलेला प्रसंग बोलावल्याशिवाय परत येतो, जागेपणी डोळ्यांपुढे किंवा स्वप्नात. दुसरे, त्या प्रसंगाची आठवण करून देणारी माणसे, जागा, आवाज, वास माणूस टाळू लागतो. तिसरे, मन काळवंडते. कशात गोडी राहत नाही, जवळच्यांविषयीही माया वाटत नाही, आणि 'मी का वाचलो?' असा अपराध मनाला कुरतडतो. चौथे, शरीर सतत पहाऱ्यावर असते. झोप उडते, लहानशा आवाजाने दचकणे होते आणि राग नाकावर येऊन बसतो. हा राग कोणी बाहेरून आणून चिकटवलेला नाही. अमेरिकेच्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली आपली जी सूची सुधारली, तिच्यात चिडखोरपणा व रागाचे झटके हे या आजाराच्या लक्षणांतच धरलेले आहेत.

यावरून घाईने निष्कर्ष काढू नये. राग हे लक्षण आहे. मारहाण हे कृत्य आहे. या दोहोंमध्ये बरेच अंतर आहे, आणि आपला सगळा विषय त्या अंतराचाच आहे.

आणखी एक आकडा ध्यानात ठेवण्याजोगा आहे. जागतिक आरोग्य संघटना सांगते की जगातील सुमारे ७० टक्के माणसांवर आयुष्यात केव्हा ना केव्हा असा भयंकर प्रसंग येतो. त्यांपैकी पोस्ट-त्राउमा होतो तो फक्त ५.६ टक्क्यांना. म्हणजे आपत्तीतून गेलेली बहुसंख्य माणसे सावरतात. आपल्यालाही हे नवे नाही. आपली परंपरा सांगते की नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटले तेव्हा सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, आणि आप्तांना तेथेच मातीत ठेवून त्यांनी कोकणात संसार उभे केले. आपण सर्व अशा वाचलेल्यांचीच लेकरे आहोत.

जुन्या काळी यास काय म्हणत

नाव नवे असले तरी दुखणे नवे नाही. पहिल्या महायुद्धात तोफांच्या माऱ्यातून आलेले शिपाई थरथरत, मुके होत, आंधळे होत. १९१५ साली चार्ल्स मायर्स या इंग्रज डॉक्टराने 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्रात त्याविषयी लिहिताना 'शेल शॉक' हा शब्द छापला. त्या काळी कित्येक सेनाधिकाऱ्यांना हा भित्रेपणा वाटे.

त्यापूर्वी हजारो वर्षे आपल्या तोरामध्ये मात्र वेगळा विचार आहे. देवारिमच्या विसाव्या अध्यायात लढाईपूर्वी सैन्यास विचारले जाते की ज्याचे काळीज भ्याले असेल त्याने घरी परत जावे. रब्बी अकिवा यांनी याचा अर्थ सरळच घेतला आहे : ज्यास रणांगण आणि उपसलेली तलवार सोसवत नाही, तो मनुष्य. त्याला शिक्षा सांगितलेली नाही. त्याला घरी पाठवावे असे सांगितले आहे.

व्हिएतनामच्या युद्धानंतर अमेरिकेत परत आलेल्या सैनिकांनी आणि त्यांच्या बाजूने उभ्या राहिलेल्या डॉक्टरांनी या दुखण्याला मान्यता मिळवून दिली. त्यांत हाइम शातान नावाचे पोलंडमध्ये जन्मलेले यहुदी मानसोपचारतज्ज्ञ पुढे होते. १९८० साली हे निदान प्रथम अधिकृत सूचीत आले. आणि नेमके दोन वर्षांनी, १९८२ साली, 'फर्स्ट ब्लड' हा रॅम्बोचा सिनेमा आला. तो आपल्या नातवंडांनी आणि आपणही पाहिला असेल. लढाईवरून आलेला माणूस म्हणजे केव्हाही पेटणारा दारूगोळा, हे चित्र त्या व तशा सिनेमांनी लोकांच्या डोक्यात पक्के बसवले. एका हाताने जगाने त्या माणसांचे दुःख मान्य केले आणि दुसऱ्या हाताने त्यांची भीती विकली.

आपल्या देशाची हकिगत निराळी नाही. १९७३ साली योम किप्पुरच्या दिवशी, म्हणजे आपल्या घरच्या जुन्या भाषेत दारफाळणीच्या सणाला, युद्ध सुरू झाले. मनाने कोसळलेल्या सैनिकांची संख्या पाहून त्साहाल गोंधळून गेले, कारण तशी तयारीच नव्हती. पुढे १९८२ च्या लेबनॉन युद्धात आघाडीजवळच अशा सैनिकांवर उपचार करण्याची व्यवस्था केली गेली. प्राध्यापिका झहावा सोलोमोन यांनी त्या सैनिकांचा वर्षानुवर्षे अभ्यास केला. त्यांना २००९ साली इस्रायल पारितोषिक मिळाले. त्यांना असे आढळले की लढाईतच मनाने कोसळलेल्यांपैकी ५९ टक्क्यांना एक वर्षानंतर पोस्ट-त्राउमा होता. पण जे त्याच लढाईत होते, कोसळले नाहीत, ज्यांनी कोणाची मदत मागितली नाही, त्यांच्यातही १६ टक्क्यांना तो होता. म्हणजे जो बोलत नाही तो धडधाकटच आहे असे समजण्याचे कारण नाही.

आकडे काय सांगतात

आता मुख्य प्रश्न. यावर दोन अभ्यास आम्हास महत्त्वाचे वाटतात.

पहिला ब्रिटनचा. इराक व अफगाणिस्तानच्या युद्धकाळातील सुमारे १४,००० ब्रिटिश सैनिकांची माहिती पोलीस दप्तरातील गुन्ह्यांच्या नोंदींशी ताडून पाहिली गेली आणि निष्कर्ष २०१३ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आले. आयुष्यात केव्हातरी हिंसक गुन्हा नोंदला गेलेले सैनिक सुमारे ११ टक्के होते. म्हणजे १०० पैकी ८९ जणांवर असा एकही गुन्हा नव्हता. ज्यांस पोस्ट-त्राउमा होता त्यांच्यात धोका इतरांच्या मानाने सुमारे दुप्पट निघाला. परंतु याच अभ्यासात हेही दिसले की जे लष्करात जाण्यापूर्वीच मारामारीच्या गुन्ह्यांत सापडलेले होते, वयाने लहान होते, किंवा फार दारू पीत होते, त्यांच्याकडून धोका अधिक होता.

दुसरा अभ्यास अमेरिकेतील डॉ. एरिक एल्बोजेन व त्यांच्या सहकाऱ्यांचा. तो २०१४ साली छापला गेला. लढाईवरून परतलेल्या हजारावर माणसांना वर्षभराच्या अंतराने दोनदा प्रश्न विचारले. गंभीर हिंसा केली असे कबूल करणाऱ्यांचे प्रमाण असे होते. ज्यांना पोस्ट-त्राउमा नव्हता आणि दारूचे व्यसनही नव्हते, त्यांच्यात ५.३ टक्के. ज्यांना फक्त पोस्ट-त्राउमा होता, त्यांच्यात १० टक्के. ज्यांना फक्त दारूचा त्रास होता, त्यांच्यात १०.६ टक्के. आणि ज्यांना दोन्ही होते, त्यांच्यात ३५.९ टक्के.

शाळेत गणित शिकवताना आम्ही मुलांना सांगत असू की आकडा वाचून झाल्यावर त्याची दुसरी बाजूही वाचावी. फक्त पोस्ट-त्राउमा असलेल्या १०० पैकी ९० जणांनी गंभीर हिंसा केली नाही. पण आजार आणि दारू एकत्र आली की प्रमाण तिपटीहून अधिक वाढले. घाव एकटा असतो तेव्हा तो बहुधा त्या माणसालाच दुखवतो. त्यावर दारू ओतली की भोवतालचेही भाजतात.

तोरामध्ये नोहाची गोष्ट आहे. सगळे जग बुडताना त्याने पाहिले. जमिनीवर पाय ठेवल्यावर त्याने द्राक्षमळा लावला, आणि पुढे तो पिऊन तंबूत पडला. ही गोष्ट पेसाहच्या दिवसांपेक्षा अशा दिवसांत अधिक आठवते. भयंकर पाहिलेला माणूस झोपेसाठी पितो. पहिल्या रात्री झोप लागते. पुढे पेले वाढतात, झोप तुटते आणि हाताला आवरणारा मेंदूचा भागच सैल पडतो. कोकणातल्या आपल्या घरी किद्दुश काळ्या मनुकांच्या सरबतावर होत असे. आजही ज्या घरात असा मुलगा आहे तेथे त्या सरबताची प्रथा परत आणण्यात काहीही कमीपणा नाही.

राग येतो कोठून

दुधाने तोंड पोळले की माणूस ताकही फुंकून पितो. पोस्ट-त्राउमाचे वर्म या म्हणीत आहे. मेंदूच्या आत खोलवर बदामाएवढा एक भाग आहे. संकट ओळखून घंटा वाजवणे हे त्याचे काम. कपाळामागचा भाग विचार करून सांगतो की घंटा खरी आहे की खोटी. ज्याने फार काळ खऱ्या घंटा ऐकल्या, त्याची घंटा सैल होते आणि ताक पाहूनही वाजते. दुकानात मागून कोणी धक्का दिला, कुकरची शिट्टी झाली, मोटरसायकलचा फटका आला, की त्याचे शरीर क्षणात लढाईत जाते. विचार करणारा भाग पोहोचेपर्यंत तोंडातून ओरडा बाहेर पडलेला असतो. म्हणूनच काही नगरपालिकांनी हल्ली योम हाआत्झमाउतच्या रात्री मोठ्या आवाजाचे फटाके बंद केले आहेत.

येथे तीन गोष्टी वेगळ्या ओळखाव्यात.

एक, झोपेतील किंवा दचकून झालेली हालचाल. स्वप्नात तो हात झाडतो आणि शेजारी निजलेल्या बायकोस लागतो. जागा झाल्यावर त्यास कळतही नाही, आणि कळले की तो शरमेने मरतो. हा हेतूने केलेला मार नव्हे. पण लागायचे ते लागतेच, म्हणून सोय करावी. काही दिवस वेगळ्या पलंगावर निजणे हा अपमान नाही.

दोन, रागाचा झटका. ओरडणे, वस्तू फेकणे, दार आपटणे. हे लक्षण आहे, उपचाराने कमी होणारे आहे, पण घरातील मुलांना त्याची भीती बसते. म्हणून 'जाऊ द्या' म्हणून सोडण्याजोगे नाही.

तीन, धाकात ठेवण्यासाठी केलेली मारहाण. जो कामावर साहेबापुढे शांत राहतो, मित्रांत हसतो, आणि घरी आल्यावर फक्त बायकोवर हात टाकतो, तिचे पैसे, तिचा फोन, तिचे माहेरी जाणे आपल्या ताब्यात ठेवतो, त्याची घंटा सैल झाली आहे असे म्हणणे कठीण. मेंदूची घंटा समोर साहेब आहे की बायको आहे हे पाहून वाजत नाही. अशा माणसाला पोस्ट-त्राउमा असूही शकेल, परंतु त्याची मारहाण त्या आजाराच्या खात्यावर टाकता येणार नाही.

हिंसा बहुधा आतल्या बाजूस वळते

लोक विचारतात, तो दुसऱ्यास मारील काय? अधिक वेळा विचारण्याचा प्रश्न असा आहे की तो स्वतःचे काही करून घेईल काय? एप्रिल २०२१ मध्ये, योम हाझिकारोनच्या थोडे अगोदर, २०१४ च्या गाझा युद्धातून मनाने जखमी होऊन आलेल्या एका तरुण सैनिकाने पेताह तिकवा येथे सैनिकांच्या पुनर्वसन कार्यालयाबाहेर स्वतःला पेटवून घेतले. सगळा देश हादरला. तो वाचला, आणि त्यानंतर 'नेफेश अहात', म्हणजे 'एक जीव', या नावाने त्या कार्यालयाच्या कारभारात सुधारणा हाती घेण्यात आली. ध्यानात घ्यावे की इतका संताप आणि इतकी निराशा असूनही त्या मुलाने आग दुसऱ्या कोणास लावली नाही.

तनाखमधील शाऊल राजाची कथा पाहावी. लढायांत गेलेले आयुष्य, मनावर आलेली काळी छाया. दावीद वीणा वाजवी तेव्हा त्यास थोडे बरे वाटे. पण त्याच दावीदावर त्याने भाला फेकला, पुढे स्वतःचा मुलगा योनाथान याच्यावरही फेकला, आणि शेवटी गिल्बोआच्या डोंगरावर तो आपल्याच तलवारीवर पडला. शाऊलास हाच आजार होता असे आम्ही म्हणत नाही. तीन हजार वर्षांपूर्वीच्या माणसाचे निदान करणे आमचे काम नव्हे. परंतु त्या कथेत दोन शहाणपणाच्या गोष्टी आहेत. दावीदाने त्याची सेवा केली. आणि भाला आला तेव्हा दावीद बाजूला झाला व घर सोडून गेला. राजा आजारी आहे म्हणून तो भिंतीपाशी उभा राहिला नाही, आणि घर सोडल्यावरही त्याने राजाचे वाईट चिंतले नाही. माया आणि सावधगिरी एकाच माणसाच्या ठायी असू शकतात.

उपचार आहेत

हे दुखणे बरे होणारे आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे ४० टक्क्यांपर्यंत रुग्ण वर्षभरात सावरतात. उरलेल्यांसाठी उपचार आहेत. हैफा येथे जन्मलेल्या प्राध्यापिका एडना फोआ यांनी जी पद्धत घडवली ती आज जगभर वापरतात. तिच्यात रुग्ण तो प्रसंग सुरक्षित जागी, प्रशिक्षित माणसापुढे पुन्हा पुन्हा सांगतो आणि टाळलेल्या जागांकडे हळूहळू परत जातो. साधारण ८ ते १५ भेटी लागतात. डोळ्यांच्या हालचालींचा उपयोग करणारी दुसरी एक पद्धत आहे. गोळ्याही आहेत, आणि त्या वेड्यांच्या गोळ्या नव्हेत.

जुलै २०१५ पासून मानसिक उपचारांची जबाबदारी आपल्या कुपात होलिमवर आहे. तेव्हा सुरुवात घरच्या डॉक्टरापासून करता येते. सैन्यात जखम झाली असेल तर संरक्षण खात्याच्या पुनर्वसन विभागाकडे, म्हणजे अगाफ हाशिकुमकडे, अर्ज करता येतो. १९९८ साली स्थापन झालेली 'नाताल' ही संस्था युद्ध व दहशतीने जखमी झालेल्यांसाठीच आहे. तिचा मदतीचा फोन १-८००-३६३-३६३ असा आहे, आणि घरची माणसेही तेथे फोन करू शकतात. जीव नकोसा वाटत असेल तर 'एरान'चा १२०१. घरात मारहाण होत असेल तर समाजकल्याण खात्याचा ११८. हात उगारला गेलाच असेल तर पोलीस १००. हे आकडे मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून फ्रिजवर लावावेत. नातसुनेला ते विचारावे लागू नयेत.

आजी-आजोबांनी काय करावे

आपल्यापाशी औषध नाही, पण वेळ आहे. एल्बोजेन यांच्याच दुसऱ्या एका अभ्यासात असे दिसले की गरजेपुरता पैसा, स्थिर नोकरी, राहण्यास ठिकाण, जवळच्यांचा आधार आणि श्रद्धा या गोष्टी असलेल्या सैनिकांत हिंसा कमी होते. यातल्या निदान दोन गोष्टी आपल्या हाती आहेत.

मुलगा झोपलेला असेल तर खांद्याला हात लावून उठवू नये. दारात उभे राहून नावाने हाक मारावी. दिवा लावून मग जावे.

'तिकडे काय झाले ते सांग' असे म्हणू नये. 'जेवलास काय रे बाळा?' एवढे पुरे असते. त्याला सांगायचे असेल ते तो आपणहून सांगेल, आणि तेव्हा मध्येच 'आमच्या काळी' म्हणून सुरू करू नये.

राग चढलेला दिसला की वाद जिंकण्याचा प्रयत्न करू नये. मुलांना घेऊन दुसऱ्या खोलीत जावे. त्याचा रस्ता अडवून दारात उभे राहू नये. राग उतरल्यावर, दुसऱ्या दिवशी, शांतपणे सांगावे की काल आम्ही घाबरलो.

घरात शस्त्र असेल तर त्याविषयी घरातल्या कर्त्यांनी उघड बोलावे. वाईट दिवसांत ते घरात नसणे सर्वांत चांगले. ही गोष्ट त्याच्यावरील अविश्वासाची नाही. त्याचाच जीव सांभाळण्याची आहे.

आणि आपल्याविषयीही एक. १९७३ साली जे विशीत होते ते आज सत्तरी ओलांडलेले आहेत. नोकरी असते तोवर आठवणींना वेळ मिळत नाही. निवृत्तीनंतर, रात्री झोप येईना की त्या परत येतात. सायरनच्या प्रत्येक आवाजाबरोबर जुने दुखणे जागे होते. पन्नास वर्षांनंतरही मदत घेता येते. आजोबांनी डॉक्टरकडे जाऊन दाखवले तर नातवास जाणे सोपे होते.

तीन प्रश्नांची उत्तरे

आजीला आम्ही सांगू की भडकणे म्हणजे मारणे नव्हे. नातू बहुधा कोणावरही हात टाकणार नाही. पण तो पीत असेल, पूर्वीपासून मारकुटा असेल, किंवा धमक्या देऊ लागला असेल, तर वाट पाहू नये, विचारावे आणि मदत आणावी.

मुलीच्या घरच्यांना सांगू की निदानाचे नाव ऐकून स्थळ मोडू नये. विचारायचे असेल तर हे विचारावे : तो उपचार घेतो काय, दारू पितो काय, आणि रागावला म्हणजे पुढे काय करतो? जो मुलगा स्वतः सांगतो की मला हा त्रास आहे व मी त्यासाठी जातो, तो ज्याने लपवले त्याच्यापेक्षा भरवशाचा आहे. निर्णय मात्र मुलीचा.

आणि जी माणसे सुनेला 'सहन कर' म्हणतात त्यांना सांगू की हे वाक्य त्या मुलावरही अन्याय करणारे आहे. त्याचा आजार खरा आहे म्हणूनच त्याला दवाखान्यात नेले पाहिजे, आणि त्याचा मार खरा आहे म्हणूनच तो थांबवला पाहिजे. हे दोन्ही एकाच दिवशी करता येते. सुनेने मुलांना घेऊन आपल्या घरी यायचे ठरवले तर दार उघडावे, आणि मुलाला फोन करून सांगावे की ती आमच्याकडे आहे, सुखरूप आहे, आणि उद्या सकाळी आम्ही तुझ्याबरोबर डॉक्टरकडे येतो.